जक्कयाचे आठवे वचन

संपादक महोदय,
स. न.

खऱ्या ख्रिस्ती जगण्यावरचा लेख कालच्या पुरवणीत वाचला. रात्रभर तो डोक्यातून गेला नाही, म्हणून सकाळीच लिहायला बसलो. लेखिकेची भाषा ओघवती आहे आणि दांभिकपणाची त्यांना येणारी चीड मलाही येते. पण बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानातली जक्कय या जकातदाराची गोष्ट सांगताना त्या अध्यायाच्या सातव्या वचनाशीच का थांबल्या? येशू त्याच्या घरी उतरला, लोक कुरकुरले, आणि गोष्ट संपली! आठव्या वचनात जक्कय उभा राहून सांगतो की अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि कुणाचे अन्यायाने घेतले असेल तर चौपट परत करतो. ‘आज या घराला तारण (म्हणजे पापातून सुटका) झाले आहे’ हे येशूचे शब्द त्यानंतरचे, नवव्या वचनातले आहेत.

आपल्या उणिवा सगळ्यांसमोर मोकळेपणाने कबूल करणे म्हणजेच खरे ख्रिस्ती जगणे, असे लेखिका म्हणतात. हे वाक्य मी तीनदा वाचले.

आमच्या मंडळीचे, म्हणजे चर्चचे, हिशेब माझी पत्नी अकरा वर्षे पाहत होती. एका वार्षिक सभेत एका जबाबदार गृहस्थांनी उभे राहून विचारले, ‘हे पैसे गेले कुठे?’ तिने वही पुढे केली. ती कुणी उघडली नाही. आठ दिवसांनी पावती सापडली, ती त्या गृहस्थांच्याच फाइलमध्ये. त्यांनी समितीला तसे कळवले आणि विषय मिटला. सभेतल्या लोकांना कुणी काही सांगितले नाही. तिने हिशेबाचे काम सोडले.

पुढे दीड वर्षाने याच गृहस्थांनी उपासनेत साक्ष दिली. आपण रागीट आहोत, उतावीळ आहोत, आपल्या जिभेने माणसे दुखावली, पण प्रभूने क्षमा केली, असे सांगताना त्यांचा गळा दाटून आला. लोकांनी डोळे पुसले. माझी पत्नी तिसऱ्या रांगेत बसली होती. पर्सचा पट्टा ती बोटाभोवती गुंडाळत होती, सोडत होती, पुन्हा गुंडाळत होती. उपासना संपल्यावर दारात त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि तिच्याकडे न बघता पुढच्या माणसाकडे वळले.

त्यांचे अश्रू खोटे होते असे मी म्हणत नाही. पण शंभर लोकांसमोर कबुली देणे सोपे असते, कारण त्या शंभरांचे आपण काही बिघडवलेले नसते. जिचे बिघडवले तिच्या दारात जाऊन उभे राहणे अवघड. येशू ढोंग्यांसाठी जो शब्द वापरतो, तो मूळ ग्रीकमध्ये रंगभूमीवरच्या नटाचा आहे, आणि रंगभूमीवर माणूस रडूही शकतो.

डोंगरावरील प्रवचनात क्रम अगदी स्पष्ट आहे (मत्तय 5:23-24). वेदीजवळ अर्पण घेऊन आलास आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवले, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग ये. मोशेच्या नियमशास्त्रातही तेच आहे. गणना 5:7 मध्ये पाप कबूल करायचे, नुकसान पूर्ण भरून द्यायचे आणि वर पाचवा हिस्सा घालून ज्याचा अपराध केला त्याच्या हाती ठेवायचे, असे सांगितले आहे. मंडळीच्या टाळ्यांचा त्यात कुठेही उल्लेख नाही.

परतफेड केली की तारण विकत मिळते, असा याचा अर्थ कुणी काढू नये. तारण कृपेनेच आहे, हे मी लहानपणापासून मानत आलो. पण ज्या जर्मन धर्मशास्त्रज्ञ बॉनहोफर यांचा आधार लेखिकेने घेतला, त्यांनीच 1937 मध्ये ‘स्वस्त कृपे’वर, म्हणजे पश्चात्तापाविना वाटल्या जाणाऱ्या क्षमेवर, कठोर टीका केली होती. 9 एप्रिल 1945 रोजी नाझींनी त्यांना फाशी दिली. त्यांचे नाव ‘मन मोकळे करा’ एवढ्याशा सल्ल्यासाठी वापरणे मला सहन झाले नाही.

माझी पत्नी अजून दर रविवारी येते. शेवटचे गीत सुरू झाले की उठते आणि बाहेर जाऊन थांबते, म्हणजे दारात कुणाची गाठ पडायला नको. तिला भरपाई नको आहे. ज्या सभेत तो प्रश्न विचारला गेला, त्याच सभेत दोन वाक्ये हवी आहेत. मी पाळकांना दोनदा सांगून पाहिले. ‘जुने कशाला उकरता?’ असे उत्तर मिळाले. जखम तिची, आणि ती जुनी झाली हे ठरवणार दुसरेच.

आणखी एक. गेल्या वेळी माझे पत्र तुम्ही निम्मे कापलेत, आणि नेमकी बायबलमधली वचने गेली. या वेळी कापायचेच असेल तर माझे मत कापा. शिवाय लेखात जक्कयाचा संदर्भ लूक 18 असा छापला आहे, तो 19 हवा. दुरुस्ती छापाल तेव्हा आठवे वचनही सोबत छापावे, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक