स्पीकरखालच्या ग्रॅनाइट लाद्यांबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय: स्पीकरखाली ठेवायच्या ग्रॅनाइट लाद्यांची जोडी परत घेऊन पूर्ण रक्कम परत करण्याबाबत.

महोदय,

आपल्याकडून घेतलेली लाद्यांची जोडी मला परत करायची आहे. फोनवर दर वेळी नव्या माणसाला पहिल्यापासून सगळे सांगावे लागते आणि ‘वरिष्ठांना कळवतो’च्या पुढे गाडी सरकत नाही, म्हणून आता लेखी देत आहे.

आधी जे बरोबर आहे ते सांगते. दगड अस्सल आहे. ग्रॅनाइटची घनता साधारण 2.7 ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर असते, त्या हिशेबाने 45 × 35 × 3 सेंटिमीटरची लादी पावणेतेरा किलोच्या आसपास भरायला हवी, आणि ती भरते. पॉलिश आणि कडांचे घासकामही चोख आहे. माझे भांडण आहे ते लादीखाली चिकटवलेल्या रबरी पायांशी आणि जाहिरातीशी.

डाव्या स्पीकरखालची लादी डुगडुगते. चारपैकी एक पाय जमिनीला टेकतच नाही, त्याच्याखालून घडी घातलेला कागद आरपार सरकतो. फरशीच उंचसखल असेल, असे आपल्या प्रतिनिधीचे म्हणणे होते. म्हणून लादी त्याच जागी अर्धी फिरवून पाहिली, तर अधांतरी कोपराही लादीबरोबर फिरून दुसऱ्या बाजूला गेला. दोष फरशीत असता तर तो जागचा हलला नसता. आता गाण्यात खालचा बेस आला की त्या कोपऱ्यातून टकटक सुरू होते. 60 हर्ट्झचा (म्हणजे सेकंदाला 60 कंपनांचा) सलग सूर लावला तर ती स्पष्ट ऐकू येते आणि कोपऱ्यावर अंगठा दाबला की लगेच थांबते. स्पीकर ‘निश्चल’ ठेवण्यासाठी घेतलेली वस्तू स्वतःच ठेका धरते आहे. तीन पाय लावले असते तर हा प्रश्नच आला नसता, कारण तीन टेकू कुठेही ठेवले तरी टेकतात.

यावर मिळालेले उत्तर तर जपून ठेवावे असे आहे: ‘दगडाला नव्या जागी स्थिरावायला काही आठवडे लागतात, मग आवाज खुलतो.’ कोट्यवधी वर्षे जमिनीच्या पोटात काढलेल्या दगडाचे माझ्या खोलीत येऊन आणखी काय स्थिरावायचे राहिले आहे, हे मला कळलेले नाही. तेवढ्या आठवड्यांत परतीची मुदत मात्र संपते, हे लगेच कळले.

आता मुख्य मुद्दा. लाद्या घेण्याचे कारण खालच्या मजल्यावरचे शेजारी. बेसचा दणका त्यांच्या छतातून उतरतो. आपल्या पानावर ‘जमिनीत जाणारे कंपन पूर्ण थांबते’ असे लिहिले आहे, ते वाचून लाद्या मागवल्या. लाद्या आल्यापासून दणका कमी तर झाला नाहीच, काही सूर आधीपेक्षा जास्त जाणवतात, असे त्यांचे म्हणणे आहे, आणि त्यात नवल काही नाही. कंपन अडवायचे काम वजन आणि त्याखालची स्प्रिंग दोघे मिळून करतात. इथे वजन दगडाचे आणि स्प्रिंग रबराची. रबर वजनाखाली 1 मिलिमीटर दबले तर या जोडगोळीची स्वतःची कंपनसंख्या (धक्का दिला की ती आपणहून ज्या गतीने हलते ती) सुमारे 16 हर्ट्झ येते, आणि तिच्या साधारण 1.4 पटीच्या वर, म्हणजे 22 हर्ट्झच्या पुढे, कंपन अडायला लागते. आपले रबर इतके टणक आहे की त्यात नखही रुतत नाही. लादी आणि 15 किलोचा स्पीकर मिळून पावणेअठ्ठावीस किलो वर ठेवूनही ते दबलेले डोळ्यांना दिसत नाही. समजा, दशांश मिलिमीटर दबले, तर तीच कंपनसंख्या 50 हर्ट्झवर जाते. म्हणजे 70 हर्ट्झच्या खाली काहीच अडत नाही, उलट 50 च्या आसपास कंपन वाढून खाली जाते. बेस गिटार आणि मोठा ड्रम नेमके तिथेच वाजतात! इतक्या वजनाला साजेसे मऊ पॅड दिले असते तर हीच लादी उपयोगी पडली असती. निव्वळ दगड, कितीही जड असला तरी, हे काम करत नाही.

‘बेस दुप्पट खोल’ या दाव्याबद्दल फार लिहीत नाही. स्पीकर किती खालच्या सुरापर्यंत उतरतो हे वूफर (बेस वाजवणारा मोठा पडदा) आणि कॅबिनेट (स्पीकरचे खोके) ठरवतात. खोलीत बेस घुमतो तो भिंतींमुळे: समोरासमोरच्या भिंतींत 4 मीटर अंतर असेल तर 43 हर्ट्झच्या आसपास, मग स्पीकरखाली काहीही ठेवा. पडदा पुढेमागे हलताना कॅबिनेटला बसणाऱ्या उलट्या धक्क्याचेही तेच. वूफरचा हलणारा भाग 15 ग्रॅमचा आणि स्पीकर 15 किलोचा, म्हणजे कॅबिनेट हलले तर पडद्याच्या हजाराव्या हिश्शाएवढे. लादी स्पीकरला घट्ट जोडली तर तो हिस्सा जवळपास निम्मा होईल, पण आपल्या गुळगुळीत लादीवर स्पीकर नुसता ठेवलेला असतो आणि केबल ओढली तरी सरकतो. जाहिरातीतल्या ‘आधी’ आणि ‘नंतर’च्या आलेखाला तर दोन्ही अक्षांवर एककच नाही. तो कसला आलेख आहे, हे एकदा कळवावे.

माझ्या मागण्या अशा: पूर्ण रक्कम परत मिळावी आणि लाद्या आपल्या माणसांनी घरून उचलून न्याव्यात. ‘वजनदार वस्तूंचा परतीचा खर्च ग्राहकाकडे’ हे कलम मी वाचले आहे. पण सदोष माल आणि खोटा दावा यांना ते लागू होत नाही, असे माझे म्हणणे आहे. पंचवीस किलोंचा बोजा मी स्वखर्चाने पाठवणार नाही. कंपन पूर्ण थांबते, हे वाक्यही पानावरून काढावे, नाहीतर ज्या चाचणीवर ते आधारले आहे ती तिथे द्यावी.

बदली जोडी पाठवण्याचा प्रस्ताव फोनवर आला होता. तिलाही हेच रबर असेल तर ती नको. लाद्या मूळ खोक्यात बांधून ठेवल्या आहेत. न्यायला येण्याच्या आदल्या दिवशी कळवावे आणि दोन माणसे पाठवावीत.

आपली,
ग्राहक
(नाव आणि ऑर्डर क्रमांक बिलावर आहेत)

सोबत: बिलाची प्रत, अधांतरी कोपऱ्याचे फोटो, टकटकीचे ध्वनिमुद्रण, जाहिरातीच्या पानाचा स्क्रीनशॉट