ओटीपी नवऱ्याकडे, मग बाईने सुटायचे कसे?

मा. महिला व बालविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

महोदया,

मी जळगाव जिल्ह्यात तालुक्याच्या कोर्टात वकिली करते. पूर्वी बाई माहेरी आली की निदान रोजचा जाच तरी थांबायचा. आता ती शिरपूरहून चोपड्याला आली तरी नवरा मोबाईलमधून तिच्या मागोमाग येतो.

माझ्याकडे आलेली एक बाई माहेरी न जाता मावशीच्या गावी लपली होती. संध्याकाळी नवऱ्याचा मेसेज आला, ‘कोठे शे? मावशीकडेच ना?’ फोन त्यानेच घेऊन दिलेला, सिम त्याच्या नावावर, आत जीमेल खाते त्याचेच. ती कुठे आहे हे त्याला घरबसल्या दिसत होते. व्हॉट्सअॅप त्याच्या लॅपटॉपला जोडलेले, म्हणजे तिने आईला आणि मला लिहिलेलेही तो वाचत होता. पोलीस ठाण्यात तिला सांगितले, ‘ताई, नंबर बदलून टाका.’

नंबर बदलणे इतके सोपे नाही. आधार, बँक, गॅस, पोराच्या शाळेचा ग्रुप, सगळे त्याच नंबरावर. शिवाय लोकेशन एकदम बंद झाले की नवऱ्याला कळते की बाई आता खरेच हातातून चालली, आणि तोच तिच्यासाठी सगळ्यात धोक्याचा काळ असतो. घाईने मेसेज पुसले तर पुरावाही जातो. आधी राहण्याची सुरक्षित सोय, मग पुरावा जपणे, मग फोन, हा क्रम तिला समजावून सांगणारे माणूस तालुक्याच्या गावी भेटत नाही.

कायदा नाही असे मी म्हणणार नाही. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम 18 मध्ये फोनवरून किंवा इलेक्ट्रॉनिक मार्गाने संपर्क करायलाही मनाई करता येते. आदेश मोडला तर कलम 31 खाली एक वर्षापर्यंत कैद आहे. बाईच्या इंटरनेट वापरावर पाळत ठेवणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 खाली गुन्हा आहे. पण कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली नेमलेले संरक्षण अधिकारी ज्या नमुन्यात घटनेचा अहवाल भरतात तो 2006 चा आहे आणि त्यात मोबाईलवरच्या पाळतीला वेगळा रकाना नाही. बाई आपण होऊन सांगत नाही, कारण हाही हिंसाचारच आहे हे तिला कुणी सांगितलेलेच नसते. म्हणून ते कोर्टाच्या कागदावर येतच नाही.

आणि एक गोष्ट तर थेट आपल्या खात्याची आहे. लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीत विवाहित बाईला नवऱ्याच्या आधारवरचा ओटीपी मागितला गेला. विधवा आणि घटस्फोटित बहिणींसाठी नंतर वाट काढली, ते चांगले झाले. पण जिची केस अजून चालू आहे, जी कागदोपत्री विवाहित आहे, तिने काय करायचे? ज्याच्या भीतीने घर सोडले त्यालाच फोन लावून आकडे विचारायचे? महिन्याचे 1500 रुपये म्हणजे तिचे तारखेला येण्याचे बसभाडे आणि पोराची वह्या-पुस्तके. ते सोडून देणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. त्यांचा मला अजिबात राग येत नाही. राग येतो तो या अटीचा.

माझी मागणी मोठ्या खर्चाची नाही. कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम 12 खाली कोर्टात अर्ज केल्याची पोच किंवा संरक्षण अधिकाऱ्याचा दाखला असेल, तर आपल्या खात्याच्या कुठल्याही योजनेत नवऱ्याचा ओटीपी लागणार नाही, असा शासन निर्णय काढा. संरक्षण अधिकाऱ्यांना आणि जळगाव, धुळे, नंदुरबारच्या सखी केंद्रांना (पीडित बायकांना एकाच ठिकाणी मदत देणारी सरकारी केंद्रे) लेखी सूचना द्या की पहिल्याच भेटीत विचारा : फोन कुणी घेतला, सिम कुणाच्या नावावर, पासवर्ड कुणाला माहीत. हे प्रश्न अहिराणीत, भिलीत, पावरीत विचारले जावेत. सातपुड्याच्या पायथ्याच्या बाईला मराठी फॉर्म वाचून दाखवून काही उपयोग नाही.

ओटीपीचा निर्णय आधी घ्या. बाकीच्याला वेळ लागला तर मी समजू शकते, याला लागू नये.

आपली नम्र,
कौटुंबिक हिंसाचाराच्या केसेस लढणारी एक वकील
जि. जळगाव