ती ट्यूब

रामबाग, इंदूर

चि. समीर,
अनेक आशीर्वाद.

फोनवर आई शेजारीच असते, म्हणून लिहितोय. तू गेल्यावर न्हाणीघराच्या खिडकीत पार चेपून संपवलेली ट्यूब सापडली. चष्मा लावून मागचं बारीक अक्षर वाचलं. क्लोबेटासॉल, आणि पुढे आणखी दोन-तीन नावं. स्टेशनवर 'सारखं काय खाजवतोस' म्हटल्यावर तू उसळलास, तो यापायीच.

नायटा आहे ना? दिवसभर साइटवर जाड पँट, त्यात चेन्नईचा घाम. होणारच. पण नवीन ट्यूब आणली असशील तर फेकून दे. क्लोबेटासॉल म्हणजे स्टिरॉइड. त्याने खाज चार दिवसांत थांबते, आपल्याला वाटतं बरं झालं, आणि बुरशी निवांत पसरत राहते. लावणं सोडलं की दुपटीने उठते. जांघेतली कातडी पातळ होऊन वळ पडतात, ते पुढे जात नाहीत. असली मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत असं सरकारने 2018 मध्येच ठरवलं. मेडिकलवाल्याला काय, त्याचा गल्ला भरतो.

झालं माझं भाषण सुरू. रागावू नकोस.

तू डॉक्टरकडे का जात नाहीस ते कळतं मला. पाटीवर 'त्वचा व गुप्तरोग' लिहिलेलं असतं आणि बाकावर ऑफिसातलं कुणी भेटलं तर? अरे, दोन्हींचं शिक्षण एकच. त्या बाकावर मुरुमांची पोरं असतात, केस गळणाऱ्या बायका, सोरायसिसवाले, तीळ वाढला म्हणून घाबरलेले म्हातारे. तुझ्याकडे बघायला वेळ कुणाला आहे! आत डॉक्टर चट्ट्याच्या कडेचा कोंडा खरवडून काचेवर घेतील, औषधाचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे धागे शोधतील. हल्ली नायटा नेहमीच्या गोळ्यांना दाद देईनासा झालाय, तेव्हा कुठली गोळी, किती आठवडे, हे त्यांनाच ठरवू दे.

आबांच्या दंडावर फिकट चट्टा उठला तेव्हा वाड्यात कुष्ठरोगाची कुजबुज झाली होती. माई तर पाटही वेगळा मांडायची. मीच त्यांना एम. वाय. हॉस्पिटलात नेलं. डॉक्टरांनी डोळे मिटायला लावून चट्ट्यावर कापसाची वात टेकवली. "लागतंय?" आबा म्हणाले, "कुठे काय?" सहा महिने गोळ्यांची पाकिटं फुकट मिळाली, चट्टा गेला आणि आबा पुढे कितीतरी वर्षं सायकलवर सराफ्यात जात होते. तुलाही दांडीवर बसवून न्यायचे.

इथे मेट्रोचे खांब दिसले की मी शेजाऱ्यांना सांगतो, आमचा समीर तिकडे असलेच उभे करतो. ते कंटाळलेत.

टॉवेल कुणाला देऊ नकोस, चड्ड्या उन्हात वाळव. आणि ती ट्यूब फेकलीस का? चिठ्ठीचा फोटो पाठव, पण माझ्या नंबरवर. आईच्या नको, ती लगेच नीलूमावशीला पाठवेल.

तुझा,
बाबा