ताणाचं खापर स्वभावावरच का?

संपादक महोदय,

ताणतणावावरचे लेख वाचताना एक गोष्ट खटकते. सगळं खापर माणसाच्या स्वभावावर फुटतं: विचार बदला, श्वासाचे व्यायाम करा, लवकर उठा. मी हिशेब विभागात काम करते. वर्षअखेरीचं काम मला जड जात नाही; आकडे जुळेपर्यंत बसायची सवय आहे. छातीत धडधडतं ते रात्री जेवताना साहेबांचा ‘उद्या लवकर या, बोलायचंय’ एवढाच निरोप आला की. काय बोलायचं ते लिहीत नाहीत. हातातला घास हातातच राहतो. (आणि सकाळी विषय निघतो रजेच्या अर्जाचा!)

ब्रिटनमधल्या सरकारी नोकरांची ‘व्हाइटहॉल’ पाहणी १९६७ साली सुरू झाली. हृदयविकाराने मरण्याचं प्रमाण बड्या अधिकाऱ्यांपेक्षा खालच्या पदांवर जास्त निघालं. धूम्रपान, रक्तदाब वगैरे लक्षात घेऊनही तो फरक पुरता मिटला नाही. नंतरच्या पाहणीत, आपल्या कामावर आपला ताबा नसणं हेही एक कारण म्हणून पुढे आलं. मला त्यात नवल वाटलं नाही. धोका दिसला की शरीर ॲड्रिनलिन, कॉर्टिसॉल ही ताणाची हार्मोन्स सोडतं आणि तो टळला की सावरतं. पण धोका आहे की नाही हेच कळत नसेल तर सावरायचं कधी?

तेव्हा आपल्या आरोग्य पुरवणीत कामाच्या वेळा आणि वरिष्ठांच्या निरोपांच्या पद्धतीवरही लेख यावेत. श्वासाचे व्यायाम मी करतेच. झोप बरी लागते.

आपली,
एक हिशेबनीस वाचक