पालखीच्या चित्रीकरणाला हात देणाऱ्या दादांना

प्रिय दादा,
सप्रेम नमस्कार.

आमच्या जत्रेचा व्हिडिओ मुंबईतल्या कुळाव्यांपर्यंत, म्हणजे आमच्या देवाला कुलदैवत मानणाऱ्या घरांपर्यंत पोचला. कौतुक माझं होतंय, त्यातलं तुमचं श्रेय चारचौघांत सांगावं म्हणून हे पत्र.

गिम्बल, म्हणजे चालताना कॅमेरा स्थिर ठेवणारा दांडा, धरला की हात अडकतात, आणि चालता चालता लेन्सच्या रिंगला बोट लावलं तरी फ्रेम हलते. म्हणून फोकस आणि एक्स्पोजर (चित्रात किती उजेड घ्यायचा ते) पाऊल उचलण्याआधीच ठरवायचं, हे तुम्ही सभामंडपाच्या पायरीवर बसून समजावलंत. फुल फ्रेम कॅमेरा, 24 एमएमची लेन्स, अ‍ॅपर्चर (लेन्सचं उजेडाचं भोक) एफ 8, फोकस अडीच मीटरवर मॅन्युअल. एवढं केलं की साधारण सव्वा मीटरपासून पुढचं सगळं स्वच्छ दिसतं. पालखीपुढे कधी अब्दागीर, म्हणजे मानाची छत्री, आडवं येतं, कधी चवऱ्या. ऑटोफोकस अशा वेळी भलतीकडेच धावतो. तुम्ही म्हणालात, "अंतर पायांनी राख." मी पाठमोरा मागे सरकत होतो आणि तुम्ही माझा पट्टा धरून, पायरी आली की हलकेच ओढून सांगत होता. त्या ओढीच्या भरवशावर माझी नजर स्क्रीनवरून ढळली नाही.

खरी कसोटी दाराशी होती. आत समयांचा आणि ट्यूबलाइटचा उजेड, बाहेर फोंड्याचं टळटळीत ऊन. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता, ऑटोवर सोडलं असतं तर उंबऱ्यावर चित्र भकाभक उजळून मावळलं असतं. शटर दोन्हीकडे 1/50 सेकंदच ठेवायला लावलंत, कारण आपली वीज 50 हर्ट्झची, त्या वेगाला चित्रात ट्यूबलाइट लुकलुकत नाहीत. आतला शॉट खांबाआड संपवला. दारात सुवासिनी ओवाळतात, पालखी थांबते; तेवढ्यात आयएसओ 100 वर आणला आणि तुम्ही लेन्सवर एनडी 8, म्हणजे उजेड अडवणारा काळपट फिल्टर चढवलात. भर उन्हात त्या सेटिंगला तीन स्टॉप, म्हणजे आठपट, उजेड जास्त होतो, फिल्टर नेमका तेवढाच अडवतो. गिम्बलचा तोल फिल्टरसकट आधीच साधलेला, त्यामुळे खोळंबा झाला नाही. भटजींच्या सोवळ्याची किनार, घडीन् घडी दिसते आहे, पांढरं कुठेही जळलेलं नाही. आजी तो भाग पुन्हा पुन्हा लावायला सांगते.

मानधन तुम्ही घेतलं नाहीत. ऐन जत्रेत स्वतःचं काम सोडून उभे राहिलात, त्याची परतफेड मला जमणार नाही. मनापासून आभार.

वाड्यावरच्या आणखी दोघांना हे शिकायचंय. त्यांना तुमच्याकडे पाठवलं तर चालेल का, कळवा.

तुमचा,
कॅमेरावाला धाकटा भाऊ