बाबांची यादी आणि आईचा भात

ती. आई-बाबा,
सा. न.

बाबा, आर्सेनिक, कॅडमियम, शिसं, पारा अशी विषारी द्रव्यं असलेल्या पदार्थांची तुमची यादी मिळाली. भात, चॉकलेट, पालेभाजी, मासे, हळद. पाचांवरही लाल फुल्या. आई सांगत होती, आठ दिवस घरात भात शिजलेला नाही.

यादी खोटी नाही, हे आधीच कबूल करते. भाताचं रोप पाण्यात उभं असतं. साचलेल्या पाण्याखाली मातीत हवा उरत नाही, मग मातीला धरून बसलेलं आर्सेनिक सुटतं आणि मुळं ते ओढून घेतात. ते दाण्यातच मुरतं, म्हणून नुसतं धुऊन भागत नाही. आणि बाबा, तुमच्या लाडक्या ब्राऊन राइसमध्ये ते उलट जास्त, कारण कोंड्यात साठतं! (आई, हसू नकोस.) एका वाटीला सहा ते दहा वाट्या चांगलं पाणी घेऊन शिजवा आणि उरलेलं ओतून द्या. आर्सेनिक ४० ते ६० टक्के कमी होतं. थोडी जीवनसत्त्वं जातील, जाऊ देत.

मोठे शिकारी मासे पारा साठवतात, लहान माशांत तो कमी. हळदीचं मात्र वेगळं. तिथे रंगासाठी लेड क्रोमेटची भेसळ होते, म्हणजे शिसंच. त्याची सुरक्षित अशी पातळीच माहीत नाही, त्यामुळे तिथे तुमची फुली मला मान्य. नुसत्या रंगावरून पारखायला जाऊ नका.

जपानमध्ये जिंझू नदीत खाणीतलं कॅडमियम उतरलं, तिथून भातात. माणसांची, त्यातही वयस्कर बायकांची हाडं इतकी ठिसूळ झाली की आजाराचं नावच पडलं 'इताई-इताई', म्हणजे 'दुखतंय, दुखतंय'. पण ती माणसं वर्षानुवर्षं त्याच पाण्यावरचा तोच भात खात होती. कॅडमियम मूत्रपिंडात १० ते ३० वर्षं ठाण मांडतं, म्हणून रोज एकच धान्य नको. आज भात, उद्या दुसरं काही. डार्क चॉकलेटमध्येही कॅडमियम असतं, तेही रोज नको, बाबा.

पालेभाजीवरची फुली तेवढी पुसा. शरीरात लोह कमी असलं की आतडी कॅडमियम आणि शिसं जास्त शोषतात. शिवाय आधीचं शिसं हाडांत दडलेलं असतं, हाडं झिजली की परत रक्तात येतं. या वयात पोटाला चिमटा काढलात तर हे दोन्ही वाढणार.

आईचं हिमोग्लोबिन मागे कमी आलं होतं ना? परत तपासलंत का? रिपोर्टचा फोटो पाठवा.

तुमची,
ताई