मैदानाला लागलेले कुलूप : उच्च शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

विषय : विद्यापीठांतील खेळ, मैदाने आणि ती सांभाळणारी माणसे

महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी प्रशिक्षक नाही, प्राध्यापक नाही, कोणत्या क्रीडा संघटनेचा पदाधिकारीही नाही. मी विद्यापीठांच्या सामन्यांचा प्रेक्षक आहे. गेली सत्तावीस वर्षे कबड्डी, खो-खो, ॲथलेटिक्स, क्रिकेट, जिथे जमेल तिथे रजा टाकून जातो आणि कडेला बसून पाहतो. या वयातला खेळाडू अजून कंपनीचा झालेला नसतो, रेल्वेचा नसतो, लीगचाही नसतो. छातीवर विद्यापीठाचे नाव असते आणि ते नाव मिळाल्याचा आनंद चेहऱ्यावर दिसतो. 'कलर मिळाला', म्हणजे विद्यापीठाच्या संघात निवड झाली, असे सांगताना मुलांचा आवाज बदलतो. मला हाच खेळ सगळ्यात जास्त आवडतो, आणि त्याच्यासाठीच हे पत्र लिहितो आहे.

गेल्या हिवाळ्यात पाहिलेली एक गोष्ट आधी सांगतो. विद्यापीठाचे नाव घेत नाही. मुलींच्या कबड्डी संघाचे सराव शिबिर चालू होते आणि चार दिवसांनी संघ पश्चिम विभागीय स्पर्धेला निघणार होता. आवारात इनडोअर हॉल आहे, चांगला आहे, उद्घाटनाची संगमरवरी पाटीही आहे. त्या संध्याकाळी हॉलला कुलूप होते, कारण किल्ली ज्यांच्या ताब्यात होती ते रजेवर होते. मॅट आत गुंडाळून ठेवलेल्या होत्या. मुली पार्किंगच्या सिमेंटवर खडूने रेषा आखून चढाईचा सराव करत होत्या. पकड कोणी करत नव्हते, कारण सिमेंटवर पडले तर कोपर फुटते.

कबड्डी न खेळलेल्या माणसाला यात फारसे काही वाटणार नाही, म्हणून जरा खोलात सांगतो. मातीवर अनवाणी खेळणारी मुलगी आणि मॅटवर बूट घालून खेळणारी मुलगी वेगळ्या पद्धतीने हालतात. मातीत पाय थोडा सरकतो आणि त्या सरकण्यावर चढाईपटू वळण घेते. मॅटवर बूट धरून ठेवतो. तिथे सवय नसलेली मुलगी मातीच्या हिशेबाने वळली, तर गुडघ्याला पीळ बसतो. कोपऱ्यात उभे राहून चढाईपटूचा घोटा पकडणाऱ्या मुलीचा अंदाजही अर्ध्या क्षणाने चुकतो. स्पर्धा मॅटवर होणार हे सगळ्यांना माहीत होते. तरी त्या संघाला चार दिवस आधीसुद्धा मॅट मिळाली नाही. संघ हरला तर अहवालात 'अनुभवाचा अभाव' असे लिहिले जाते. त्या संध्याकाळच्या कुलपाची नोंद कुठल्याच अहवालात होत नाही.

महोदय, मैदाने कमी आहेत हे खरे आहे, पण ती माझी पहिली तक्रार नाही. जी आहेत ती खेळाडूसाठी उघडण्याची जबाबदारी कोणाचीच नाही, ही माझी तक्रार आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ मध्ये क्रीडा संचालकाचे पद आहे, क्रीडा व शारीरिक शिक्षण मंडळ आहे, विद्यार्थी परिषदेत खेळाच्या प्रतिनिधीची सोय आहे. कागदावर घर बांधून तयार आहे. प्रत्यक्षात मला भेटतात ते प्रभारी. एखाद्या विभागाचे प्राध्यापक, आपली तासिका, आपले संशोधन, आपली परीक्षेची कामे सांभाळून क्रीडा विभागाच्याही फायलींवर सह्या करतात. त्यांना मी दोष देत नाही. पण उद्या आपल्याकडे हा कार्यभार राहील की नाही हे ज्याला माहीत नाही, तो तीन वर्षांची आखणी कशी करणार? कॉलेजांतही तेच. शारीरिक शिक्षण संचालक निवृत्त होतात आणि त्यांच्या जागी तासिका तत्त्वावरचा एक तरुण येतो. तो दोन-तीन हंगाम टिकला तर पोरे त्याला ओळखू लागतात, आणि मग तो दुसरीकडे जातो.

नेतृत्व म्हणजे काय, हे सांगायला मला परदेशात जावे लागत नाही. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकसाठी खाशाबा जाधवांकडे पैसे नव्हते. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर ७,००० रुपयांना गहाण ठेवले आणि आपल्या या विद्यार्थ्याची सोय केली. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. आज त्यांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, आपण राज्य क्रीडा दिन म्हणून पाळतो, हे योग्यच आहे. पण त्या दिवशीच्या भाषणांत प्राचार्यांचा उल्लेख ओझरता होतो, आणि मला तोच भाग सर्वांत मोठा वाटतो. खर्डेकरांना तो मुलगा ठाऊक होता. १९४८ मध्ये लंडनला तो सहावा आला होता, त्याची भूक त्यांनी पाहिली होती. आजच्या प्राचार्यांनी घर गहाण ठेवावे असे कोणीच म्हणणार नाही. आपल्या कॉलेजचा कोणता मुलगा विद्यापीठाच्या संघात आहे, एवढे त्यांना नावाने माहीत असावे, इतकीच माझी अपेक्षा आहे. एका अंतिम सामन्याला मी विजेत्या संघाच्या कर्णधाराला विचारले, प्राचार्य आलेत का? तो म्हणाला, "सर, त्यांना निकाल कळवलाय. फोटोला बोलावतील."

क्रिकेटमध्ये तर आपली परंपरा केवढी. आंतरविद्यापीठ क्रिकेटची रोहिंटन बारिया स्पर्धा १९३५ पासूनची. अजित वाडेकरांनी विद्यापीठ क्रिकेटमध्ये ३२४ धावांची खेळी केली. तो विक्रम सुनील गावस्करांनी ३२७ धावा करून मोडला. पुढे १९७१ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यात वाडेकर कर्णधार होते आणि गावस्करांनी पहिल्याच मालिकेत ७७४ धावा केल्या. ही दोन्ही माणसे कॉलेजच्या मैदानांतून वर आली. मला भेटलेले जुने प्रेक्षक त्या काळच्या आंतरमहाविद्यालयीन सामन्यांना तास बुडवून आलेल्या पोरांच्या गर्दीबद्दल अजून बोलतात. तेव्हा कॉलेजला आपल्या संघाचा अभिमान होता आणि दुसऱ्या कॉलेजशी खुन्नस होती. ती खुन्नसही फार चांगली होती, तिच्यामुळे मुले सरावाला येत.

देशातल्या सर्वोत्तम क्रीडा विद्यापीठाला मौलाना अबुल कलाम आझाद करंडक दिला जातो. १९५६-५७ साली तो सुरू झाला, तेव्हा पहिला मान मुंबई विद्यापीठाचा होता. त्यानंतर तो करंडक अमृतसर, पतियाळा आणि चंडीगडच्या वाटेला इतक्या वेळा गेला आहे की आता तो त्यांचाच वाटतो. तिकडची मुले आपल्यापेक्षा ताकदवान असतात, असे एक सोपे उत्तर मी अनेकदा ऐकतो. मला ते पटत नाही. खेळाडूचा प्रवेश, त्याचे वसतिगृह, त्याचे खाणे आणि त्याचा प्रशिक्षक ही विद्यापीठाची स्वतःची जबाबदारी आहे, हे तिथल्या कुलगुरूंनी पिढ्यान्‌पिढ्या मानले. आपल्याकडे या चारही गोष्टी मुलाच्या बापावर सोडलेल्या आहेत.

आणि आपली मुले कमी नाहीत याचा पुरावा हवा असेल तर फेब्रुवारी २०२० मधल्या भुवनेश्वरच्या पहिल्या खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धेची पदकतालिका पाहावी. चंडीगडच्या पंजाब विद्यापीठाची १७ सुवर्णपदके आणि सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचीही १७. रौप्यपदकांच्या हिशेबात पंजाब पुढे गेले, १९ विरुद्ध ११, आणि पुणे दुसरे आले. शेवटच्या दिवसापर्यंत मी आकडे पाहत होतो, झोप लागत नव्हती. परतलेल्या त्या मुलांची मिरवणूक निघायला हवी होती असे मला आजही वाटते. दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी चौघांना ही बातमी सांगितली, त्यांतले तिघे त्याच विद्यापीठाचे पदवीधर. एकालाही अशी स्पर्धा चालू असल्याचेच माहीत नव्हते.

इथे प्रेक्षक म्हणून माझे एक वेगळे दुखणे आहे. सामना कधी आहे, हे आम्हाला कळत नाही. विद्यापीठाच्या संकेतस्थळावर क्रीडा विभागाच्या पानावर गेल्या वर्षीचे परिपत्रक असते. नेमके वेळापत्रक प्रशिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरते आणि मला ते ओळखीच्या एका सरांकडून मिळते. मैदानावर पोचलो तर फाटकावरचा सुरक्षारक्षक ओळखपत्र मागतो, बाहेरच्यांना प्रवेश नाही म्हणतो. त्याचा दोष नाही, त्याला तसेच सांगितलेले असते. पण ज्या विद्यापीठाच्या अंतिम सामन्याला राखीव खेळाडू आणि पंच सोडून बारा माणसे असतात, त्याच्या मुलांना भरलेल्या प्रेक्षागृहाची सवय कुठे लागणार? जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताच्या पुरुष आणि महिला अशा दोन्ही संघांनी तो जिंकला. दोन्ही कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, महाराष्ट्राचे. ज्या खेळात आपण जगाच्या पुढे आहोत, त्या खेळाचा आंतरविद्यापीठ सामना आपल्याच आवारात सकाळी साडेसातला, कोणालाही न सांगता उरकला जातो.

मुलींच्या सोयींबद्दल थोडक्यात लिहितो, कारण सविस्तर लिहिताना राग येतो. बाहेरून आलेल्या संघाच्या मुली बसच्या आडोशाला चादर धरून कपडे बदलताना मी पाहिल्या आहेत. एकदा नाही. स्वच्छतागृह प्रशासकीय इमारतीत होते आणि इमारत सुट्टीमुळे बंद होती. यासाठी निधी, निविदा, समिती यांतले काय कमी पडले ते मला कळले नाही. कपडे बदलायची एक खोली, पाणी आणि आतून लागणारी कडी, एवढेच हवे होते.

परीक्षांचा प्रश्न मात्र मोठा आहे. सत्र पद्धत आल्यापासून ऑक्टोबर ते जानेवारी हा स्पर्धांचा काळ आणि परीक्षांचा काळ एकमेकांवर येतो. मुलगा अखिल भारतीय स्पर्धेला गेला तर त्याचा पेपर बुडतो. फेरपरीक्षेची तरतूद असते, पण तिच्यासाठी अर्ज, शिफारसपत्र, विभागप्रमुखांची सही, परीक्षा विभागाच्या खिडकीपुढच्या रांगा. माझ्या ओळखीतला एक लांब उडीचा मुलगा या रांगांना कंटाळून तिसऱ्या वर्षी खेळ सोडून बसला. नव्या शैक्षणिक धोरणानुसार सह-अभ्यासक्रमांना श्रेयांक (क्रेडिट) आहेत आणि त्यांत खेळही येतो, हे चांगलेच झाले. पण ज्याने विद्यापीठासाठी महिनाभर शिबिर केले आणि आठ दिवस बाहेरगावी सामने खेळले, त्यालाच पुन्हा वर्गातल्या हजेरीचा पुरावा मागितला जातो. हे श्रेयांक त्याच्या खात्यात आपोआप जमा का होत नाहीत?

प्रवासाचेही तसेच. अग्रिम रक्कम उशिरा मंजूर होते, तोवर आरक्षण संपते, आणि संघ रात्रभर जनरल डब्यात बसून सकाळी मैदानावर उतरतो. प्रत्येक विद्यार्थ्याकडून क्रीडा शुल्क घेतले जाते. किती जमा झाले आणि कशावर खर्च झाले, हे दरवर्षी संकेतस्थळावर टाकायला कोणाची हरकत असू नये.

एक गोष्ट जरा अवघड आहे, पण तुम्हालाच सांगितली पाहिजे. कॉलेजांची आणि विद्यापीठांची मैदाने सभांना, प्रदर्शनांना, लग्नांना दिली जातात, आणि मान्यवरांच्या हेलिकॉप्टरसाठीही. मंडपाचे खांब रोवलेले खड्डे नंतर कोणी नीट बुजवत नाही. अशाच एका खड्ड्यात पाय जाऊन एका आठशे मीटर धावणाऱ्या मुलीचा घोटा दुखावला आणि तिचा पूर्ण हंगाम गेला. सप्टेंबर ते फेब्रुवारी खेळाच्या मैदानावर खेळ सोडून दुसरे काही होणार नाही, असा निर्णय तुम्ही घेतलात तर त्याची झळ आधी तुमच्याच सहकाऱ्यांना बसेल. तरीही तो घ्यावा, ही विनंती.

१९९४ च्या विद्यापीठ कायद्याने विद्यार्थ्यांच्या खुल्या निवडणुका गेल्या, २०१६ च्या कायद्याने त्या कागदावर परत आणल्या. त्या कधी आणि कशा घ्यायच्या याचे राजकारण मी बाजूला ठेवतो. माझा प्रश्न लहान आहे. जिमखान्याचा सेक्रेटरी मुलांनी निवडलेला असला की मैदानावर पाणी नाही म्हणून प्राचार्यांच्या दारात उभे राहणारे कोणीतरी असते. आज तसे कोणी नसते. मुले गप्प राहतात, कारण बोलणाऱ्याला संघात घेतले नाही तर काय, ही भीती असते. कुलगुरूंच्या निवडीच्या वेळी उमेदवाराने किती शोधनिबंध लिहिले हे विचारले जाते. आपल्या विद्यापीठाचा कोणता संघ गेल्या वर्षी अखिल भारतीय फेरीत गेला, हेही एकदा विचारले जावे, एवढे आपण कुलपती कार्यालयाच्या कानावर घालू शकाल.

पूर्णवेळ क्रीडा संचालकांच्या जाहिराती निघायला, त्यांना पदमान्यता मिळायला वेळ लागेल हे मी समजू शकतो. त्यासाठी लागेल तेवढा पाठपुरावा आम्ही करू. पण या हंगामाच्या निवड चाचण्या आता तोंडावर आल्या आहेत. त्याआधी दोन ओळींचे परिपत्रक निघाले तरी पुरे आहे : शिबिराच्या काळात हॉलची आणि मैदानाची एक किल्ली प्रशिक्षकाच्या हाती असेल, आणि प्रत्येक सामन्याची तारीख, वेळ व ठिकाण आठ दिवस आधी सर्वांना दिसेल असे लावले जाईल. या दोन्हीला पैसा लागत नाही. ज्या मुलींना मी पार्किंगमध्ये पाहिले, त्यांतल्या सहा जणी याही वर्षी संघात असतील.

आपला,
विद्यापीठ सामन्यांचा एक प्रेक्षक